मानमोडी, आजीची राख आणि लसीचा एक थेंब

हे बोलणं तुमच्यातल्या काही जणींनी रेडिओवर ऐकलं असेल. ज्यांचं ऐकायचं राहिलं आणि ज्यांना ते जपून ठेवायचं आहे, त्या सगळ्यांसाठी आम्ही ते इथे लिहून देत आहोत.

आज विषय कोंबडीचा. शेत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतं. म्हैस, शेळी विकायची तर घरात विचारावं लागतं. पण अंड्याचे पैसे बाईच्या हातात येतात. त्यातून पोराची वही येते, दवाखान्याला जायचं भाडं निघतं, माहेरी जाताना हातात काहीतरी असतं. दुष्काळात चारा नसला की मोठं जनावर जगवणं अवघड जातं, कोंबडी मात्र उकिरडा उकरून पोट भरते. म्हणून कोंबड्या मेल्या की बाईचा बटवा रिकामा होतो, आणि त्याचा कुठे पंचनामाही होत नाही.

आमच्या गटातल्या एकीने एका चैत्रात आठवडी बाजारातून पाच तलंगा आणल्या. दिसायला चांगल्या, तुरे लाल. त्याच संध्याकाळी त्या घरच्या कोंबड्यांबरोबर एका खुराड्यात कोंडल्या. पाचव्या दिवशी एक तलंग पंख पाडून कोपऱ्यात बसली. हिरवट पातळ हगवण लागली. चोच उघडी ठेवून श्वास घ्यायला लागली, मग मान वाकडी झाली. आम्ही लसूण ठेचून चोचीत घातला, हळद आणि गूळ दिला, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी ठेवलं. शेजारणी बघायला आल्या आणि त्याच पायांनी आपापल्या घरी गेल्या. पंधरा दिवसांत अख्खी आळी रिकामी झाली.

दोनच घरच्या कोंबड्या वाचल्या. एक घर शेतावरच्या वस्तीचं, तिकडे त्या दिवसांत कुणी फिरकलंच नव्हतं. दुसऱ्या घरी महिनाभर आधी लस देऊन झाली होती.

आणखी एक गोष्ट सांगायला जड जाते, पण सांगायला हवी. साथ सुरू झाल्यावर आमच्यातल्या एकीने उरलेल्या तीन कोंबड्या घाईने बाजारात नेऊन विकल्या. तेव्हा आम्हाला ते शहाणपणाचं वाटलं. आज वाटतं, आमच्याकडे आलेल्या त्या पाच तलंगाही कुणीतरी अशाच घाईने विकल्या असतील.

त्यानंतर गटात वाद झाला. काही जणी म्हणाल्या, झाडपाल्याचं सगळं खोटं. काही म्हणाल्या, आपल्या आज्या लस न देता कोंबड्या पाळत होत्याच की. खरं काय, हे शोधायचं ठरवलं. म्हाताऱ्या बायांना विचारलं, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं, थोडं वाचलं. त्यातून जो इतिहास हाती लागला तो आज सांगतो.

एकच शब्द, दोन साथी

आपल्याकडे म्हाताऱ्या बाया कोंबड्यांच्या या रोगाला ‘मानमोडी’ म्हणतात. पण जुन्या माणसांच्या बोलण्यात मानमोडी हा शब्द दुसऱ्या एका साथीसाठीही येतो. १९१८ साली पहिलं महायुद्ध संपत असताना जगभर इन्फ्लुएंझाची साथ आली. त्या काळी आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं त्या साथीत गेली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत तिला मानमोडीच म्हणत.

माणसांची ती मानमोडी आणि कोंबड्यांची ही मानमोडी हे रोग वेगळे आहेत. पण दोन्ही अतिशय सूक्ष्म विषाणूंमुळे होतात, दोन्ही झपाट्याने पसरतात. आणि दोन्ही वेळी आपल्या घरात औषध म्हणून तेच होतं, हळद, लसूण, काढा. माणसं काय करत होती? गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहत होती. प्लेगच्या वेळीही तेच केलं होतं. विषाणू म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण साथीच्या रोगापासून लांब राहायचं हे ठाऊक होतं. शेतवस्तीवरच्या त्या घरच्या कोंबड्या वाचल्या त्या याच जुन्या उपायाने.

आजीच्या घरातले नियम

आम्ही म्हाताऱ्यांना विचारलं, “तुमच्या वेळी कोंबडीला काय औषध द्यायचे?” त्यांनी औषधं कमी सांगितली आणि घरातले नियमच जास्त सांगितले.

पहिला नियम, खुराडं रोज सकाळी झाडायचं आणि विष्ठा लांब उकिरड्यात टाकायची. आम्हाला वाटायचं, हे वासासाठी. पण यामागे मोठं कारण आहे. पिलांना रक्ती हगवण होते, ती एका सूक्ष्म जीवामुळे. तो विष्ठेतून बाहेर पडतो तेव्हा लगेच दुसऱ्या पिलाला रोग देऊ शकत नाही. त्याला ओलावा आणि ऊब मिळाली तर साधारण एक-दोन दिवसांत तो तयार होतो. म्हणजे रोज झाडलं आणि खुराडं कोरडं ठेवलं, तर रोग तयार होण्याआधीच घराबाहेर जातो. आजीला हा जीव दिसला नव्हता, पण तिचा झाडू त्याच्या वाटेवर रोज उभा होता.

दुसरा नियम राखेचा. चुलीतली गार झालेली कोरडी राख आणि माती एकत्र करून कोपऱ्यात खड्डा करून ठेवायचा. कोंबड्या त्यात लोळतात. बारीक राख पिसांत शिरते, उवा-पिसवांच्या अंगाला चिकटते, त्यांच्या अंगावरचं तेलकट आवरण निघून जातं आणि त्या सुकून मरतात. कोंबडी हे स्वतःहूनच करते, आपण फक्त जागा द्यायची. पण आज चुलीत प्लास्टिक, रबर जातं. तसली राख चालत नाही. निव्वळ लाकडाची किंवा शेणीची राख हवी.

तिसरा नियम खुडूक कोंबडीचा. तिला अंड्यांवर बसवताना टोपल्यात कडब्याबरोबर निरगुडीचा किंवा कडुलिंबाचा पाला घालायचा. एकवीस दिवस ती एका जागी बसते, तेव्हा उवा-पिसवा तिचं रक्त पितात. त्रास असह्य झाला की ती अंडी सोडून उठते आणि अंडी वाया जातात. पाल्याच्या उग्र वासाने कीड कमी राहते. पिलं निघाली की जुना कडबा जाळून टाकायचा. उन्हात वाळवून तोच पुन्हा वापरायचा नाही.

काही आज्या सीताफळाच्या बियांची पूड वापरत. त्या पुडीने उवा मरतात हे खरं. पण ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, कोंबडीच्याही आणि आपल्याही. आम्ही ती वापरणं सोडलं. आणि एक हात जोडून विनंती, शेतात मारायचं कीटकनाशक उवांसाठी खुराड्यात कधीही फवारू नका. ते अंड्यात उतरतं आणि तेच अंडं आपली लेकरं खातात.

चौथा नियम आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटला. एक मावशी म्हणाल्या, “आणलेली कोंबडी आठ दिवस डालग्याखाली ठेवायचो. ती आपल्या दारात रुळावी म्हणून.” कोंबडी पळून जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण त्या आठ दिवसांत आजारी कोंबडीचा आजार उघडा पडायचा आणि तो डालग्यापुरताच राहायचा. आता पशुवैद्य सांगतात की नवी कोंबडी निदान दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा, तिचं पाणी वेगळं, झाडू वेगळा, आणि घरच्या कोंबड्यांचं करून झाल्यावरच तिच्याकडे जा. मावशींचं डालगं आणि डॉक्टरांचा सल्ला यांत फरक दिवसांचाच आहे. आम्ही त्या चैत्रात हा नियम पाळला असता तर आळी रिकामी झाली नसती.

हळद, लसूण, ताक हे सगळं कुठे बसतं? कोंबडीला देवी येतात तेव्हा तुऱ्यावर, चोचीभोवती, डोळ्यांजवळ फोड येऊन खपल्या धरतात. त्यावर तेलात कालवलेली हळद लावली तर जखम चिघळत नाही, माश्या बसत नाहीत. देवीचा रोग मात्र हळदीने जात नाही, तो आपल्या गतीने जातो. आजारी कोंबडीला गूळपाणी, पातळ ताक, मऊ ज्वारीची कण्या दिली तर तिला तग धरायला बळ मिळतं. लसणाचंही तसंच. तो आधार आहे. पण मानमोडी एकदा अंगात शिरली की तिला मारणारं औषध आजीकडे नव्हतं आणि आज डॉक्टरांकडेही नाही. आधार कशाला म्हणायचं आणि औषध कशाला, हा फरक कळला की अर्धा वाद मिटतो.

जावामधल्या कोंबड्या आणि पांढरा भात

आता थोडं लांबच्या देशात जाऊ, कारण कोंबडीच्या दाण्यातून माणसाला मोठी गोष्ट कळली ती तिथे. इंडोनेशियातलं जावा बेट तेव्हा डच लोकांच्या ताब्यात होतं. तिथे बेरीबेरी नावाचा रोग होता. माणसांच्या पायांतलं बळ जायचं, चालता येत नसे, पुढे हृदय थांबायचं. क्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर १८९० च्या सुमारास याचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांनाही तसाच रोग झाला. पाय लुळे पडले. आणि काही महिन्यांनी कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या.

कशामुळे? चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा, सडलेला म्हणजे पॉलिश केलेला तांदूळ शिजवून मिळत होता. मग नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा चांगला भात कोंबड्यांना द्यायचा नाही म्हणाला. कोंबड्यांना पुन्हा साळीचा हलका, कोंड्यासकटचा तांदूळ मिळायला लागला आणि त्या चालू लागल्या. जे गुणकारी होतं ते दाण्याच्या वरच्या सालीत होतं. पुढे त्यालाच जीवनसत्त्व ब-१ म्हणू लागले आणि आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. आपल्याकडे पूर्वी कोंबडीला ज्वारी, बाजरी, तुरीची चुणी, कोंडा मिळायचा आणि दिवसभर फिरून किडे मिळायचे. आता बऱ्याच घरी रेशनचा पांढरा तांदूळ टाकतात, आणि कुत्र्यांच्या भीतीने कोंबड्या कोंडलेल्या असतात. कोंडलेल्या पिलाला नुसता पांढरा तांदूळ मिळाला तर ते अशक्त होतं आणि अशक्त पिलाला कुठलाही रोग लवकर धरतो. म्हणून दाण्यात ज्वारी-बाजरी, कोंडा, शेवग्याचा पाला, भाजीची पानं असू द्या. अंड्याची टरफलं भाजून, कुटून द्या, त्यातून चुना मिळतो. पिलांसाठी जुनी युक्तीही आहे. फुटक्या मडक्यात ओलं गवत, पाचट आणि शेण भरून ते वाळवीच्या जागेवर पालथं घालायचं. एक-दोन दिवसांत आत वाळवी जमते, ती पिलांपुढे झाडायची. चांगला चारा हे रोग टाळण्याचं पहिलं नैसर्गिक साधन आहे.

पुण्यातून मुक्तेश्वरला

आता लसीची गोष्ट. लस म्हटलं की बऱ्याच जणींना वाटतं, ते कारखान्यातलं रसायन. पण प्रयोगशाळेत रोगजंतू दुबळा करून बनवलेली पहिली लस कोंबडीमुळेच सापडली.

१८७९ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर हे शास्त्रज्ञ कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होते. हा कॉलरा माणसाच्या कॉलऱ्याहून वेगळा. उन्हाळ्याच्या सुट्टीत जंतूंचं पाणी तसंच पडून राहिलं. परत आल्यावर ते शिळं पाणी कोंबड्यांना टोचलं तेव्हा त्या थोड्या आजारल्या आणि उठल्या. मग त्यांना ताजे, कडक जंतू टोचले, तरी त्या मेल्या नाहीत. ज्यांना आधी शिळं टोचलं नव्हतं त्या मात्र मेल्या. पाश्चर यांच्या लक्षात आलं की दुबळा जंतू अंगाला शिकवून जातो आणि मग खरा जंतू आला तर अंग त्याला ओळखतं. १८८० साली त्यांनी हे जगाला सांगितलं.

आपल्याकडे काय चाललं होतं? १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली. तेव्हा बुळकांडीने गावोगावी गुरं मरत होती. पण भर वस्तीत रोगाचे जंतू हाताळणं धोक्याचं होतं, म्हणून १८९३ साली ती प्रयोगशाळा हिमालयाच्या पायथ्याकडच्या कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर इथे हलवली. तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. ज्या बुळकांडीसाठी ती निघाली ती २०११ साली साऱ्या जगातून संपल्याचं जाहीर झालं, आणि तेही लसीमुळेच.

१९२६ साली जावामध्ये आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावाजवळ कोंबड्यांचा एक नवाच रोग नोंदवला गेला. थोड्याच दिवसांत कुमाऊँमधल्या राणीखेत गावी कोंबड्या तशाच मेल्या. मुक्तेश्वरच्या शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. म्हणून जगभर या रोगाला न्यूकॅसल म्हणतात आणि आपल्या देशात राणीखेत. आपल्या आज्यांची मानमोडी ती हीच.

१९४० च्या दशकात मुक्तेश्वरलाच या रोगावर लस तयार झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी विषाणू उबवणीच्या अंड्यातल्या वाढत्या गर्भात घातला, त्यातून काढून दुसऱ्या अंड्यात, तिथून तिसऱ्यात, असं पुन्हा पुन्हा करत त्याचा जोर कमी केला. ज्या अंड्यावर आपली खुडूक बसते, तसल्याच अंड्यात ही लस घडली. आज आपल्या राज्यात पुण्याच्या औंधमधली सरकारी संस्था या रोगाची लस बनवते. साधारणपणे पिलू आठवडाभराचं झालं की ‘लासोटा’ लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत देतात, पुढे चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर ‘आर टू बी’ ही टोचायची लस. देवीची लसही वेगळी असते. आपल्या भागातलं नेमकं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच घ्या.

मग लस आपल्यापर्यंत का पोचली नाही?

लस निघून इतकी वर्षं झाली, तरी आपल्या आळीत कोंबड्या मरत राहिल्या. कारण लस मोठ्या पोल्ट्रीवाल्यांच्या मापाने बनते. एका कुपीत शंभर, दोनशे, कधी त्याहून जास्त मात्रा. आपल्या घरी कोंबड्या दहा. कुपी फोडून पाण्यात कालवली की ती एक-दोन तासांतच संपवावी लागते. शिवाय ती दवाखान्यापासून खुराड्यापर्यंत बर्फात हवी. चैत्र-वैशाखाच्या आपल्या उन्हात पिशवीत घालून आणली तर ती वाटेतच निकामी होते. मग बाई म्हणते, लस दिली तरी कोंबडी मेली. तिचं म्हणणं खोटं नसतं. तिने दिलं ते नुसतं पाणी होतं.

ऑस्ट्रेलियातल्या पीटर स्प्रॅडब्रो या शास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न धरला. खेड्यातल्या कोंबड्यांसाठी, उष्णतेत जरा जास्त टिकणारी लस त्यांनी पुढे आणली. आफ्रिकेत मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत गावातल्याच बायांनी ती शिकून घेतली आणि ठरलेल्या दिवशी साऱ्या गावच्या कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब टाकायला सुरुवात केली. मोठ्या कुपीची अडचण त्यांनी अख्ख्या गावाचा एकच दिवस ठरवून सोडवली.

आणि मैत्रिणींनो, एकत्र येणं आपल्या जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा लातूर आणि आपल्या उमरगा-लोहारा भागात घरं कोसळली. त्यानंतर घरबांधणीच्या कामात बाया पुढे आल्या, बचत गट उभे राहिले. त्याच वाटेवरच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला दुष्काळी मराठवाड्यातल्या बायांच्या शेतीकामासाठी २०१६ साली ‘इक्वेटर’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता ‘उमेद’मधून गावोगावी पशुसखी तयार झाल्या आहेत. जे घरासाठी आणि शेतीसाठी जमलं ते कोंबडीसाठी का नाही जमणार?

आम्ही असं केलं. आळीतल्या कोंबड्या मोजल्या, एक यादी केली. माघात, म्हणजे ऊन तापायच्या आधी, एक दिवस ठरवला. कुपीचे पैसे कोंबड्यांच्या संख्येप्रमाणे वाटून घेतले. पशुसखीने पहाटे बर्फाच्या थर्मासमध्ये लस आणली. कोंबड्या अंधारातच खुराड्यात असतात, तेव्हाच धरायच्या. ऊन यायच्या आत काम संपलं. आजारी दिसणाऱ्या कोंबड्यांना लस दिली नाही, कारण लस निरोगी कोंबडीसाठी असते. लागण झाल्यावर दिलेल्या लसीचा उपयोग होत नाही.

पाल्याची वही आणि डॉक्टरची पिशवी

झाडपाला की लस, असा वाद घालणाऱ्यांनी ‘अँथ्रा’ या संस्थेचं काम माहीत करून घ्यावं. महिला पशुवैद्यांनी ती सुरू केली. महाराष्ट्रात आणि आंध्रात त्या बायांकडे, धनगरांकडे, आदिवासींकडे गेल्या आणि जनावरांना कोणता पाला कशासाठी देतात ते नोंदवून घेतलं. शिकलेल्या डॉक्टरणींनी न शिकलेल्या बायांसमोर वही उघडून बसणं, ही आपल्या इतिहासातली लहान गोष्ट नाही. बाईला जे येतं ते ज्ञान आहे, हे त्यांनी मान्य केलं. आणि ज्ञान म्हटलं की ते तपासायचंही असतं, हेही त्यांनी सोडलं नाही.

एका जागी मात्र आपला पाला, आपला अनुभव, सगळं बाजूला ठेवायचं. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत तो आपल्या मराठवाड्यातच परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी आला. बर्ड फ्लू आणि मानमोडी यांची लक्षणं सारखीच दिसतात. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. आणि बर्ड फ्लू माणसालाही होऊ शकतो. म्हणून एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, किंवा गावात कावळे मरून पडले, तर हात लावू नका, कापू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. लेकरांना लांब ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

बाजारात विकलेल्या त्या तीन कोंबड्यांचं दुःख आम्हाला इथेच कळलं. आजारी कोंबडी विकून एका बाईचे दोन-तीनशे रुपये वाचतात आणि दुसऱ्या गावातल्या बाईचं खुराडं रिकामं होतं. आमच्या गटाने आता ठराव केला आहे. साथ आली की कुणी विकणार नाही, मेलेली कोंबडी चुना टाकून खोल पुरायची आणि शेजारणीच्या घरी बघायला जायचं नाही, निरोप फोनवर द्यायचा. ज्या बाईच्या कोंबड्या जातील तिला पुढच्या वेताची पिलं प्रत्येक घरातून दोन-दोन द्यायची. विकायची घाई होते ती नुकसानीच्या भीतीने, ती भीती सगळ्यांनी वाटून घेतली की घाई कमी होते.

मग आजी खोटी होती का? नाही. तिची राख, तिचा झाडू, तिचं डालगं, तिची ज्वारी आजही रोगाला दाराबाहेर ठेवतात. जे तिच्याकडे नव्हतं ते मुक्तेश्वरच्या डोंगरातून, अंड्यातूनच, आपल्यासाठी तयार होऊन आलं आहे. त्या थेंबाआड राख झाकून टाकू नका आणि राखेच्या भरवशावर थेंब नाकारू नका.

जाता जाता एक काम सांगतो. आज संध्याकाळी तुमच्या आळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे जा. कोंबड्यांसाठी ती काय करायची ते विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. त्याच वहीच्या पुढच्या पानावर आळीतल्या कोंबड्यांची संख्या आणि लसीचा दिवस लिहा.

पुढच्या वेळी शेळीविषयी बोलू. तोवर नमस्कार.